नॉब हलवला नाही, म्हणूनच तुलना फसली

पत्र: मी सांगलीची, निवृत्त भूलतज्ज्ञ. तरुणपणी गाणं शिकले, काळी चारला गाते, मिरजेच्या तानपुऱ्यांची जोडी घरात आहे. वरच्या मजल्यावरची १५ बाय ११ फुटांची, १० फूट उंच खोली फक्त गाणं ऐकण्यासाठी करायची आहे. मुंबईच्या एका शोरूममध्ये आम्ही तीन जोड्या ऐकल्या: हार्बेथची सुपर एचएल५ प्लस, केईएफची रेफरन्स १ मेटा आणि बी अँड डब्ल्यूची ८०३ डी४. विक्रेत्याने तिन्हींना एकच अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि व्हॉल्यूमचा नॉब जागचा हलवला नाही, त्यामुळे तुलना निष्पक्ष झाली. यजमानांना ८०३ आवडली, बाकीच्या दोन त्यांना दबलेल्या वाटल्या. मला हार्बेथवर आवाज माणसाचा वाटला, पण तबला मागे राहिला. बंगळुरूचा मुलगा म्हणतो, स्पीकरच्या मोजमापांचे आलेख पाहा आणि केईएफ घ्या. मित्राकडून आलेला ३००बी व्हॉल्व्हचा ८ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घरी आहे, तो वापरायची फार इच्छा आहे. विक्रेता सांगतो की एकूण रकमेचा पाचवा हिस्सा केबलवर घाला, आणि ३०० तास वाजल्यावर स्पीकर खुलतील. सिंगापूरचा भाचा तिकडून स्वस्तात आणून देतो म्हणतो. काय करावं?

डॉक्टर, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात. नॉब हलवला नाही म्हणून तुलना निष्पक्ष झाली, असं तुम्हाला वाटतं. नेमकी तिथेच ती बिघडली. त्या दिवशी तुम्ही दोघांनी जे ऐकलं, त्यावरून या तीन जोड्यांबद्दल कोणताही निर्णय घेऊ नका, अगदी तुमच्या आवडत्या हार्बेथच्या बाजूनेसुद्धा नाही.

कारण साधं आहे. स्पीकरला ठरावीक व्होल्टेज दिलं तर एक मीटरवर तो किती मोठा वाजतो, हे त्याच्या माहितीपत्रकात डेसिबलमध्ये दिलेलं असतं. मोजणीसाठी २.८३ व्होल्ट धरतात. ८०३ डी४चा हा आकडा ९० आहे, तुमच्या हार्बेथचा ८६ आणि केईएफच्या रेफरन्स १चा ८५. नॉब एकाच जागी म्हणजे तिघांनाही व्होल्टेज सारखं. म्हणजे ८०३ त्या दुपारी बाकीच्या दोघांपेक्षा ४ ते ५ डेसिबल मोठी वाजत होती. एवढ्या फरकाला आपला कान नुसतं ‘मोठं’ म्हणून ओळखत नाही. त्याला ते भरीव वाटतं, जवळचं वाटतं, त्यात बारकावे जास्त आहेत असं वाटतं. शिवाय आवाज खाली आला की कानाला सर्वांत आधी खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. यजमानांना दोन जोड्या दबलेल्या वाटल्या आणि तुम्हाला हार्बेथवर डग्गा मागे गेल्यासारखा वाटला, या दोन्ही गोष्टींचं मोठं कारण हेच असणार. विक्रेत्याने हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी असंच ऐकवतात.

दुसरं कारण डोळ्यांचं आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. हरमन कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग समोर दिसत असताना ऐकवले. दिसायला लागल्यावर गुण बदलले. थोराड, महागड्या स्पीकरचे वाढले आणि पडद्याआड चांगले गुण मिळवलेल्या छोट्या संचाचे घटले. हे लोक रोज स्पीकरच्याच धंद्यात होते, तरी त्यांचं असं झालं. ८०३ची एकेक पेटी ५० किलोंहून जड आहे आणि कमरेच्या वर येते. तिच्यासमोर बसून तिला लहान आवाजाची म्हणणं कुणालाच सोपं जाणार नाही. यजमानांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही, माझ्याही कानाचं तसंच होतं.

आता मुलाचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग फार मोलाचा आहे. याच टूल यांनी आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि मग हरमनमध्ये वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. त्यांतून दिसलं की पडद्याआड बसवल्यावर माणसांच्या आवडी एकमेकांपासून फार लांब नसतात. समोरून सपाट, म्हणजे खालचे-वरचे सगळे स्वर सारख्याच जोराने देणारा, आणि बाजूंनाही सुरळीत उतरत जाणारा आवाज बहुतेकांना आवडतो. ही सगळी मापं एकत्र दाखवायची आता ठरलेली पद्धत आहे, सीटीए-२०३४ म्हणतात तिला. केईएफची यातली बाजू भक्कम आहे. १९८८ मध्ये त्यांनी आणलेल्या युनि-क्यू रचनेत ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, मधल्या शंकूच्या बरोबर केंद्रात बसतो, त्यामुळे मान जरा हलली, कुणी शेजारी येऊन बसलं, तरी आवाजाचा पोत फारसा बदलत नाही. तुम्ही दोघं शेजारी बसून ऐकणार असाल तर हा गुण खरोखर कामाचा आहे.

पण आलेख घरातल्या आवाजाचं भाकीत साधारण ३०० हर्ट्झच्या वरच नीट करतो. त्याखाली खोलीचं राज्य असतं. आणि डॉक्टर, तुमचं गाणं, डग्गा, तानपुऱ्याचा खर्ज यांचा पाया तिथेच आहे. म्हणून आधी खोलीबद्दल लिहितो, आणि जरा सविस्तर लिहितो.

पंधरा, अकरा आणि दहा फूट या तिन्ही मापांमध्ये ध्वनिलहर पुढे-मागे आपटून स्वतःलाच जोर देते. त्या लहरी तुमच्या खोलीत सुमारे ३८, ५१ आणि ५७ हर्ट्झवर बसतात, आणि पुन्हा त्यांच्या दुपटीवर. अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत भिंती लाकडाच्या चौकटीवर ठोकलेल्या हलक्या फळ्यांच्या असतात. त्या थरथरतात आणि खालचा आवाज थोडा गिळतात. आपल्याकडे विटांची गिलावा केलेली भिंत, वर स्लॅब, खाली टाइल्स. काहीच गिळलं जात नाही. खोल खर्जापर्यंत सहज जाणारा मोठा स्पीकर अशा खोलीत ५१ आणि ५७च्या त्या जवळजवळच्या जोडीला सतत ढोसत राहतो, आणि डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला शेपूट फुटतं. शोरूमच्या मोठ्या हॉलमध्ये हे ऐकू येणार नाही. म्हणून ८०३ तुमच्या खोलीसाठी मी सुचवणार नाही. स्पीकर म्हणून ती उत्तम आहे, पण तिला याच्या दीडपट तरी जागा हवी.

ती न घेतल्याने तुमचं नुकसान काय? फारसं नाही. काळी चारच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झवर बोलतो. काळी एकला गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ वर. हार्बेथ ४० हर्ट्झपर्यंत व्यवस्थित जाते. तुम्ही ऐकता त्या ख्यालात आणि नाट्यसंगीतात त्याखाली ऐकण्यासारखं क्वचितच काही असतं.

एक योगायोग मात्र तुम्हाला सांगायलाच हवा. तुमच्या खोलीच्या अकरा फूट रुंदीची दुपटीवरची लहर १०३ हर्ट्झवर येते. म्हणजे तुमच्या तानपुऱ्याचा खर्ज आणि तुमची खोली जवळपास एकाच स्वरात आहेत. रुंदीच्या मधोमध खुर्ची टाकली की तो खर्ज फुगलेला ऐकू येईल. स्पीकर कोणतेही घ्या, हे होणारच. उपाय फुकट आहे. ही लहर भिंतीपासून पाव रुंदीवर शून्य असते, आणि तिथे ठेवलेला स्पीकर तिला जागवूच शकत नाही. म्हणून दोन्ही पेट्या अकरा फुटी भिंतीकडे ठेवा, प्रत्येकीचा मध्य बाजूच्या भिंतीपासून पावणेतीन फुटांवर. पेट्यांची समोरची बाजू त्यांच्या मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे. दोन पेट्यांत साडेपाच फुटांचं अंतर येईल, तुम्ही त्यांच्यापासून सात-आठ फुटांवर बसा. खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर मात्र बसू नका, आणि पाठ भिंतीला टेकवून तर नकोच. मग पेट्या दोन-दोन इंच पुढे-मागे सरकवत पुरुष गायकाचा एखादा विलंबित ख्याल ऐका. खर्जातला प्रत्येक स्वर सारख्याच वजनाचा लागला की तिथे खडूने खूण करा.

टाइल्सवर जाड जाजम हवंच. पण जाजम आणि पडदे फक्त वरचा आवाज शोषतात, त्यांनीच खोली भरली तर ती मंद आणि गढूळ होते. बाजारात मिळणाऱ्या खाचांच्या फोमचीही हीच गत. त्यापेक्षा सुताराकडून लाकडी चौकटी करून घ्या, त्यांत ४८ घनतेच्या रॉकवूलचे दोन इंची दोन थर भरा आणि वर सुती कापड ताणा. कोपऱ्यांत उभ्या चौकटी, आणि बाजूच्या भिंतींवर जिथे आरसा धरला असता खुर्चीतून स्पीकर दिसतो तिथे एकेक. तुमच्या पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तम. सांगली-मिरजेत हे सगळं करून घ्यायला स्पीकरच्या किमतीचा छोटा हिस्साही लागणार नाही, आणि दुसरा कोणताही खर्च कानाला याच्याइतका फरक दाखवणार नाही.

आता उरल्या दोन, हार्बेथ आणि केईएफ. दोन्ही स्टँडवर बसणाऱ्या. त्यांची तुलना तुमच्याच खोलीत झाली पाहिजे. एवढी रक्कम देणाऱ्या ग्राहकाला अनामत घेऊन घरी ऐकू देणारे विक्रेते आहेत, आग्रहाने मागा. दोन जोड्या आणणं जड जात असेल तर प्रत्येकीतली एकच पेटी आणा. याने काही बिघडत नाही, उलट सोपं होतं. टूल यांच्या चाचण्यांत एकच स्पीकर वाजवला असता ऐकणाऱ्यांना दोष जास्त स्पष्ट कळले. जोडी वाजते तेव्हा तिचा पसारा दोष झाकतो. दोन्ही पेट्या आळीपाळीने त्याच खडूच्या खुणेवर ठेवा, कारण फूटभर जागा बदलली तरी खर्ज बदलतो.

आवाज सारखा करायला फोनवरचं कोणतंही डेसिबल मोजणारं अ‍ॅप चालेल. त्याचा आकडा खरा नसेल, पण दोन आकड्यांमधला फरक बऱ्यापैकी खरा असतो. फोन खुर्चीत कानाच्या उंचीवर ठेवा, पिंक नॉइज (खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यांतली एकसारखी सळसळ) लावा आणि दोन्ही पेट्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. नॉब कुठे थांबतो याची प्रत्येक पेटीसाठी वेगळी खूण करा. मग समोर जुनी विरलेली सुती साडी टांगा, जिच्यातून उजेड आरपार दिसतो अशी. तिसऱ्या कुणालातरी पेट्या बदलायला सांगा. तुम्ही आणि यजमान वेगवेगळ्या कागदांवर लिहा, मध्ये बोलू नका. आणि दहा मिनिटांत ठरवू नका. पहिल्या ऐकण्यात उजळ, चमचमता स्पीकर हमखास पुढे जातो, आणि तासाभराने तोच कान थकवतो.

काय ऐकायचं? इथे तुमच्याकडे असं साधन आहे जे मुंबईच्या कोणत्याही शोरूममध्ये नाही. घरातला तानपुरा.

हार्बेथ १९७७ मध्ये सुरू करणारे डडली हारवुड मूळचे बीबीसीच्या संशोधन विभागातले. तिथे स्पीकर पारखायची एक जुनी रीत होती. स्टुडिओत निवेदक बोलतो आहे, पलीकडच्या खोलीत तोच आवाज स्पीकरमधून येतो आहे, आणि अभियंते दोन खोल्यांत ये-जा करून दोन्ही ऐकत आहेत. बीबीसीच्या पेट्यांच्या भिंती मुद्दाम पातळ ठेवून आतून लेप दिला जायचा, म्हणजे पेटीची स्वतःची गुणगुण माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यातून खाली सरकते. तुम्हाला हार्बेथवर आवाज माणसाचा वाटला, त्याची मुळं तिथे आहेत. तुमचा कान ते चुकीचं सांगत नव्हता.

ही रीत तुम्ही घरी करा. पहाटे गच्चीवर, म्हणजे भिंतींचा आवाज मिसळणार नाही, तुमचा तानपुरा चांगला लावून एखाद्या बऱ्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करा, तीन-चार फुटांवरून. पाच मिनिटं नुसता तानपुरा, मग त्यावर तुमचा आकार, मग घरातल्या कुणाचं साधं बोलणं. तेच खोलीत प्रत्यक्ष तानपुऱ्याशेजारी, तेवढ्याच आवाजात वाजवा. आणि गंधार शोधा. जमलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो मूळ स्वराच्या पाचपटीवर, तुमच्या बाबतीत ५२० हर्ट्झच्या आसपास असतो. पेटी किंवा शंकू स्वतःचं काही मिसळत असेल तर हा गंधार सर्वांत आधी झाकोळतो. तो दोन्हींवर सुटा ऐकू येतो का?

त्याच्याही वर जवारीचं झळाळतं वलय असतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं होतं की तार जिथे छेडली जाते त्या जागेमुळे नियमाने जे उपस्वर उमटायला नकोत, तेही तानपुऱ्यात उमटतात, आणि ही करामत घोडीच्या वक्र पृष्ठभागाची व जवारीच्या दोऱ्याची. ही उपस्वरांची रांग खूप वरपर्यंत जाते, म्हणजे ती स्पीकरच्या मधल्या शंकूकडून ट्विटरकडे जाताना हात बदलते. जोड चांगला नसेल तर तार एकीकडे आणि तिची झळाळी दुसरीकडे, अशी फाळणी होते. चांगल्या स्पीकरवर झळाळी तारेतूनच निघते. तुमच्यासारख्या गाणाऱ्या व्यक्तीला हे दोन मिनिटांत कळेल, मला त्याची खात्री आहे. आदल्या दिवशी मिरजेला एखाद्या तंतुवाद्य कारागिराकडे तासभर बसून या, कान ताजा होईल.

तबल्यासाठी उजवा आणि डग्गा दोन्ही नीट मुद्रित झालेलं एकल वादन घ्या. शाईमुळे उजव्याचे उपस्वर सुरात येतात, हेही रामन यांनीच १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. म्हणून ‘ना’ आणि ‘तिं’मध्ये स्पष्ट स्वर ऐकू आला पाहिजे, नुसती टिचकी नव्हे. डग्ग्याची घसीट खालून वर जाताना मध्येच एका ठिकाणी फुगली तर दोष खोलीचा धरा, स्पीकरचा नाही.

माझं मत विचारलंत तर तुमचं ऐकणं बघता मी हार्बेथकडे झुकतो. दोघांनी शेजारी बसून रोज ऐकायचं असेल तर केईएफ. पण साडीआडून तुमचा कागद वेगळं सांगत असेल तर कागदाचं ऐका.

अ‍ॅम्प्लिफायरबद्दल लिहिताना वाईट वाटतं, कारण ३००बीवर माझंही प्रेम आहे. ८ वॉट म्हणजे एका वॉटपेक्षा फक्त ९ डेसिबल जास्त. हार्बेथ ६ ओहमची आहे. खुर्चीपर्यंतचं अंतर धरून दोन्ही पेट्या मिळून ९२-९३ डेसिबलला तुमची मर्यादा येईल. निवांत आवाजात गाणं चालू असतानाही तबल्याची थाप सरासरीपेक्षा १५-२० डेसिबल वर उसळते. ती चेपली जाईल, आणि तबला पुन्हा मागे गेला असं तुम्हीच मला लिहाल. केईएफ तर ४ ओहमची, त्याच व्होल्टेजला ८ ओहमच्या दुप्पट वॉट मागणारी. या अ‍ॅम्प्लिफायरला शोभतील असे स्पीकर म्हणजे हॉर्नचे, पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये केलेल्या क्लिप्शहॉर्नच्या घराण्यातले, १०० डेसिबलच्या वरचे. पण त्यांना मोठी खोली आणि दोन मोकळे कोपरे लागतात. तुम्ही ४ ओहमला न डगमगणारा ८० ते १०० वॉटचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. व्हॉल्व्हचा हेडफोनसाठी किंवा दुसऱ्या खोलीतल्या एखाद्या जास्त संवेदनशील जोडीसाठी ठेवा, विकू नका.

केबलवर पाचवा हिस्सा घालू नका. घरातल्या वायरिंगला वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची तार पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा विरोध एका ओहमच्या दहाव्या भागापेक्षा कमी भरतो. ६ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. ते पैसे रॉकवूलला, सुताराला आणि ट्विटर कानाच्या उंचीला आणणाऱ्या भक्कम स्टँडना द्या.

तीनशे तासांचं म्हणाल तर शंकूची कड पहिल्या काही तासांत थोडी सैल होते, हे खरं. त्यापुढे जे खुलतं त्यात कानाच्या सवयीचा वाटा मोठा असतो. आज न आवडलेला स्पीकर पुढे आवडेल या भरवशावर पैसे देऊ नका.

भाच्याला नको म्हणा. या स्पीकरना विजेचा प्रश्न नाही, ते तिकडचे असले तरी इथे वाजतील. पण वॉरंटी बहुधा विकलेल्या देशापुरतीच असते, कस्टम्स वेगळं भरावं लागेल, आणि घरी ऐकून परत करण्याची सोय राहणार नाही. पेट्या घरी आल्या आणि दोघांचे कागद भरले की मला कळवा. दोन कागदांत फरक पडला तर कोणत्या ध्वनिमुद्रणावर पडला, तेही त्यात लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.